पावसाळ्यानंतर जुन्या डेस्कटॉपच्या कीबोर्डवर ‘ो’ उमटेना आणि माउस दहा मिनिटांत बंद पडतो

प्रश्न: ग्रंथालय सेवक, राजापूर तालुका

नमस्कार. राजापूर तालुक्यातील एका गावात आमचे लहान सार्वजनिक वाचनालय आहे आणि तेथील ग्रंथसूचीचे काम मी गेली अकरा वर्षे सांभाळतो. त्यासाठी २००९ साली घेतलेला एकच डेस्कटॉप आहे. त्यात जी-३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम आणि विंडोज ७ आहे. कीबोर्ड मागच्या जांभळ्या गोल पीएस/२ पोर्टला जोडलेला आहे. माउस यूएसबीचा असून तो कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावलेला असतो.

यंदा आषाढ-श्रावणात पाऊस आणि विजेचा लपंडाव यांमुळे वाचनालय बरेच दिवस बंद राहिले आणि संगणक सुमारे पाच आठवडे सुरूच झाला नाही. गणपती विसर्जनानंतर तो सुरू केला, तेव्हापासून अडचणी येत आहेत. कीबोर्डवरील डावीकडच्या काही कळा, म्हणजे टॅब, १, क्यू, ए आणि झेड, अजिबात उमटत नाहीत. बाकीच्या कळा व्यवस्थित चालतात. आम्ही इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकन करतो. त्यात ए या कळेवर ‘ो’ आणि क्यू या कळेवर ‘ौ’ येतो, त्यामुळे ‘कोकण’ लिहायला गेल्यास ‘ककण’ उमटते आणि ‘गौरी’ची ‘गरी’ होते. नव्या आलेल्या सहाशेहून अधिक पुस्तकांच्या नोंदी व्हायच्या आहेत आणि अशा अवस्थेत एकही शीर्षक खात्रीने लिहिता येत नाही.

माउसची तऱ्हा वेगळी आहे. तो दहा-पंधरा मिनिटे चालतो, मग पडद्यावरचा बाण जागीच थांबतो आणि माउसच्या तळाचा लाल दिवा विझतो. वायर काढून पुन्हा लावली की कधी चालू होतो, कधी होत नाही. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून दुसरा माउस आणून लावला, तर तोही तसाच बंद पडला. घाईत मी एकदा संगणक चालू असतानाच कीबोर्डची पिनही काढून लावली. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पॉवरचे बटण दोन-तीन वेळा दाबावे लागते, पण ते गेले वर्षभर तसेच असल्यामुळे मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दाखवले असता मदरबोर्ड गेला आहे, नवा संगणक घ्या, असे सांगण्यात आले. परंतु आमची सूची ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) लावल्याखेरीज उघडत नाही आणि तो डोंगल प्रिंटरच्या २५ छिद्रांच्या एलपीटी पोर्टला बसतो. हल्लीच्या बहुतेक संगणकांना ते पोर्टच नसते. खरोखरच मदरबोर्ड गेला असेल, तर आमचे काम थांबेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: संगणक दुरुस्ती व्यावसायिक, कोल्हापूर

नमस्कार. आपण दिलेल्या माहितीवरून मदरबोर्ड गेला असे म्हणता येणार नाही, आणि तपासणी केल्याशिवाय तसे कुणी म्हणूही नये. माझ्याकडे या वयाची यंत्रे अजूनही दुरुस्तीला येतात. कीबोर्ड-माउसच्या तक्रारीत मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो: दोष विंडोज सुरू होण्यापूर्वीही दिसतो की फक्त विंडोजमध्ये दिसतो. त्यावरून निम्मा शोध संपतो.

संगणक सुरू होताना डिलीट की दाबत राहून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर, जावे. तेथे पासवर्ड ठरवण्याचा पर्याय असतो, त्यावर एंटर दाबले की एक रिकामी चौकट उघडते. त्या चौकटीत जी कळ दाबाल तिच्यासाठी एक तारा उमटतो. ए, क्यू, झेड, १ या कळा एकेक करून दाबून पाहाव्यात आणि तारा उमटतो का ते टिपून ठेवावे. तपासून झाल्यावर एस्केप दाबून बाहेर पडावे. एंटर दाबू नये, नाहीतर पासवर्ड बसेल. तेथेही तारा उमटला नाही, तर विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस हे सर्व विषय बाजूला पडतात.

माउससाठी या काळातल्या बहुतेक बायोसमध्ये बाणच नसतो, म्हणून वेगळी युक्ती करावी लागते. बायोसचा पडदा उघडा ठेवून अर्धा तास संगणक तसाच चालू ठेवावा आणि माउस उलटा करून लाल दिव्याकडे अधूनमधून पाहावे. दिवा मंद होणे वेगळे आणि पूर्ण विझणे वेगळे. माउस वापरात नसताना मंद होणे स्वाभाविक आहे. पूर्ण विझला, तर पोर्टला मिळणाऱ्या विजेचा प्रश्न आहे. हीच चाचणी मागच्या, मदरबोर्डवरच बसवलेल्या यूएसबी पोर्टवर पुन्हा करावी, कारण पुढची पोर्टे आतल्या एका लांब वायरने बोर्डाला जोडलेली असतात आणि खाऱ्या हवेत त्या वायरीच्या जोडाला गंज चढतो.

आता चालू संगणकात पिन काढण्याविषयी. पीएस/२ हे पोर्ट चालू अवस्थेत काढ-घाल करण्यासाठी बनवलेले नाही. १९८७ साली आयबीएमने आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर ते आणले, तेव्हापासून हा नियम आहे. पिन तिरकी बसून क्षणभर शॉर्ट झाला, तर पोर्टजवळ बसवलेला बारीक फ्यूज उडतो आणि मग कोणताही कीबोर्ड लावला तरी त्याचे दिवे लागत नाहीत. आपल्या कीबोर्डच्या बाकीच्या कळा चालतात, म्हणजे फ्यूज शाबूत आहे. यापुढे मात्र संगणक पूर्ण बंद करूनच पिन काढावी आणि लावण्यापूर्वी आतल्या सहा बारीक काड्या वाकलेल्या नाहीत ना, हे उजेडात धरून पाहावे. जांभळे पोर्ट कीबोर्डचे आणि हिरवे माउसचे असते; जुन्या बोर्डांवर त्यांची अदलाबदल चालत नाही.

उत्तर २: संगणक टंकलेखन संस्था, सातारा

दादा, आपल्या नोंदीतील ‘ककण’ वाचून फार वाईट वाटले. आमच्या संस्थेत जीसीसी-टीबीसी परीक्षेच्या मराठी ३० आणि ४० शब्दगतीची तयारी करून घेतली जाते. वर्षभर विद्यार्थ्यांच्या हातून कीबोर्ड झिजतात, त्यामुळे ते उघडून साफ करण्याची सवय मला लागलेली आहे.

एकाच पट्ट्यातल्या पाच कळा एकदम गेल्या आहेत, हे महत्त्वाचे आहे. साध्या कीबोर्डच्या पोटात पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक शाईच्या रेषा छापलेल्या असतात आणि मधल्या पापुद्र्याला कळेखाली भोके असतात. कळ दाबली की वरची रेषा त्या भोकातून खालच्या रेषेला टेकते. प्रत्येक कळेला स्वतंत्र वायर नसते. एका उभ्या रेषेवर अनेक कळा असतात. म्हणून एखादीच कळ गेली, तर तिच्याखाली कचरा किंवा झीज असते, आणि ठरावीक गट गेला, तर त्या गटाची सामाईक रेषा तुटलेली किंवा सुटलेली असते. आपल्याकडे दुसरे घडलेले दिसते.

सर्व उलगडण्याआधी एक सोपी गोष्ट वगळून टाकावी, कारण हे वाचणाऱ्या इतरांनाही तिचा उपयोग होईल. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली गेली, तर विंडोजमधील फिल्टर कीज ही सोय सुरू होण्याची सूचना येते. मुले न वाचता एंटर दाबतात आणि मग भराभर दाबलेल्या कळा संगणक मोजत नाही. कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. असे कीबोर्ड बदलून टाकलेलेही मी पाहिले आहेत. कंट्रोल पॅनेलमधील ईज ऑफ ॲक्सेसमध्ये जाऊन ही सोय बंद आहे ना, ते पाहावे. मात्र तिच्यामुळे फक्त पाचच कळा बंद पडत नाहीत, त्यामुळे आपला दोष हा नसावा.

कीबोर्ड उघडण्यापूर्वी मोबाइलवर त्याचा वरून फोटो काढून ठेवावा. संगणक बंद करून, पिन काढून, कीबोर्ड जुन्या धोतरावर किंवा चादरीवर उलटा ठेवावा. मागचे सर्व स्क्रू काढूनही तो उघडला नाही, तर जोर लावू नये. एखादा स्क्रू बहुधा कंपनीच्या चिकटपट्टीखाली लपलेला असतो, बोटाने चाचपले की खळगा लागतो. आत एक छोटी हिरवी पट्टी दिसेल, तिच्यावर तीन दिव्यांचे सर्किट असते. पापुद्र्यांची शेपटी त्या पट्टीवर एका आडव्या दांडीने दाबून बसवलेली असते. ओल तेथेच शिरते आणि तेथील एखादा टेकू सुटला की पूर्ण गट जातो.

ती दांडी सोडवून शेपटीचे काळे टेकू कापसाने, शक्य असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन थेंबांनी, हलकेच पुसावेत. रॅमचे सोनेरी टेकू साफ करायला आपण खोडरबर वापरतो, ते येथे मुळीच वापरू नये. हे काळे टेकू कार्बनच्या पातळ थराचे असतात आणि रबराने तो थर निघून येतो. माझे दोन कीबोर्ड असे कायमचे गेले. पापुद्र्यांमध्ये धुके धरल्यासारखे दिसत असेल, तर ते वेगळे करून पंख्याखाली दिवसभर सुकू द्यावेत. उन्हात ठेवल्यास प्लॅस्टिक आकसते आणि भोके कळांखाली बसत नाहीत. जोडताना दांडीचे स्क्रू मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळावेत.

ग्रंथालय सेवक, राजापूर तालुका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी चाचण्या केल्या.

बायोसच्या पासवर्ड चौकटीत ए, क्यू, झेड आणि १ या कळांना तारा उमटला नाही, बाकी सर्व अक्षरांना उमटला. म्हणजे विंडोजचा संबंध नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे कीबोर्ड उघडला. दहा स्क्रू होते आणि अकरावा खरोखरच चिकटपट्टीखाली सापडला. शेपटीच्या टेकूंपैकी डावीकडच्या दोनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड होती आणि तेथील स्क्रूला गंज चढला होता. ती पुसली असून पापुद्रे सध्या पंख्याखाली आहेत.

माउसचे उत्तर मात्र गोंधळात टाकणारे आहे. बायोसमध्ये ठेवल्यावर पुढच्या पोर्टवर बाराव्या मिनिटाला दिवा पूर्ण विझला. मागच्या पोर्टवर तो पंचवीस मिनिटे टिकला आणि नंतर विझला. त्याच वेळी माझ्या असे लक्षात आले की कीबोर्डचा नम लॉकचा दिवाही मंद झाला होता. (ही चाचणी कीबोर्ड उघडण्याआधीची आहे.) एकाच वेळी पुढचे यूएसबी, मागचे यूएसबी आणि पीएस/२ असे सर्वच कसे अशक्त होईल, आणि मग तो दुकानदार म्हणाला तेच खरे मानायचे का?

उत्तर ३: निवृत्त आयटीआय निदेशक (इलेक्ट्रॉनिक्स), फोंडा

नमस्कार. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी अशक्तपणा दिसतो, तेव्हा त्या तिघांना वीज पुरवणाऱ्या मूळ जागेकडे पाहावे. आपल्या पहिल्या पत्रातील एका वाक्यामुळे माझा संशय मदरबोर्डापेक्षा एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या आतल्या पेटीवर, आहे: सकाळी पॉवरचे बटण दोन-तीन वेळा दाबावे लागते, असे आपण लिहिले आहे.

एसएमपीएसमधून ५ व्होल्टच्या दोन वेगळ्या रेषा निघतात. लाल वायरीवरचे ५ व्होल्ट संगणक सुरू झाल्यावरच येतात. जांभळ्या वायरीवरचे ५ व्होल्ट, ज्याला आपण स्टँडबाय म्हणतो, भिंतीवरचे बटण चालू केल्यापासून सतत असतात. पॉवरचे बटण दाबले की मदरबोर्डाला जाग येते ती या स्टँडबाय विजेवर. अनेक बोर्डांवर यूएसबी आणि पीएस/२ या पोर्टांनाही हीच जांभळी रेषा वीज देते, कारण कीबोर्डची कळ दाबून संगणक जागा करण्याची सोय त्यावर चालते. या रेषेवरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले भाग) रात्रंदिवस गरम राहतात आणि इतर भागांच्या आधी सुकतात. मग सकाळी थंड यंत्र पहिल्या दाबाला उठत नाही आणि भार पडल्यावर माउस-कीबोर्डचा जीव जातो. आपली तिन्ही लक्षणे या एका कारणात बसतात.

खात्री मल्टिमीटरने होते. तो डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी सळई कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला टेकवावी आणि लाल सळई मदरबोर्डावरच्या २४ पिनांच्या मोठ्या जोडात, वायरीच्या बाजूने, जांभळ्या वायरीशेजारी अलगद सरकवावी. जोड काढू नये आणि सळईने शेजारच्या दोन पिना एकदम टेकू देऊ नयेत. आकडा ४.७५ ते ५.२५ यांच्या आत हवा. संगणक सुरू केल्यावर लगेच एकदा आणि दिवा विझल्यावर पुन्हा एकदा मोजावे. हात सरावाचा नसेल, तर गावातील टीव्ही किंवा मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला बोलवावे. हे मोजमाप तो सहज करील.

एसएमपीएसची पेटी मात्र आपण उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा आत गेल्यावर त्याचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि वायर भिंतीतून काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतात. आयटीआयमध्ये मुलांना मी हे पहिल्याच तासाला सांगत असे.

आणखी एक तपासणी अवश्य करावी. संगणक चालू असताना निऑनचा टेस्टर कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला लावून पाहावा. तो पेटला, तर आपल्या प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेला अर्थिंग मिळत नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधील कपॅसिटरमुळे अशा वेळी कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. विद्युतप्रवाह अगदी थोडा असतो, हाताला मुंग्या येतात एवढेच. परंतु प्रिंटर किंवा माउसची वायर लावता-काढताना तोच दाब पोर्टातून वाट काढतो. गोव्यात काय आणि कोकणात काय, जुन्या घरांतील तीन पिनांच्या सॉकेटात मागे दोनच वायरी आलेल्या मी शेकडो वेळा पाहिल्या आहेत. वाचनालयात मुले कॅबिनेटला हात लावत असतील, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

उत्तर ४: सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी, पुणे

वरील तिघांनी मूळ दोषाचा माग काढलेला आहेच. ज्यांना ही चर्चा पुढे सापडेल आणि ज्यांचा कीबोर्ड बायोसमध्ये चालतो पण विंडोज ७ मध्ये चालत नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी नोंदवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर पिवळे चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसत असेल, तर बऱ्याचदा काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) मागे ठेवलेले नाव अडथळा करते. कीबोर्डच्या वर्गातील अपरफिल्टर्स या नोंदीत केबीडीक्लास आणि माउसच्या वर्गात माउक्लास एवढेच असावे. बदल करण्याआधी रिस्टोअर पॉइंट जरूर करावा. आणि माउस फक्त विंडोजमध्ये काही वेळाने झोपत असेल, तर यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधील, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढून टाकावी.

ग्रंथालय सेवकांना माझी वेगळी, आग्रहाची विनंती आहे. दोष काहीही निघो, यंत्र सुरू झाल्याक्षणी सूचीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवावी. अकरा वर्षांचे काम पंधरा वर्षांहून जुन्या एका हार्ड डिस्कवर आणि एका डोंगलवर उभे आहे, हे वाचून मला काळजी वाटली. जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधील मजकूर त्याच्या स्वतःच्या फाँटशिवाय वाचता येत नाही, म्हणून ते फाँटही सोबत घ्यावेत. त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. ते झाले की सूची कोणत्याही संगणकावर, मोबाइलवरसुद्धा, उघडेल. नमुन्यादाखल पन्नास नोंदी पाठवल्यात, तर रूपांतराचे काम मी आनंदाने करून देईन.

ग्रंथालय सेवक, राजापूर तालुका

सर्वांना नमस्कार. आठ दिवसांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मधले चार दिवस गावात वीज नव्हती.

आमच्याकडे टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना निदेशक सरांचे उत्तर वाचून दाखवले. जांभळ्या वायरीवर सुरुवातीला ४.८ व्होल्ट होते. आम्ही दोघे मीटरकडे पाहत बसलो; आकडा उतरत उतरत ४.३ वर आला आणि आमच्या डोळ्यांसमोर माउसचा दिवा विझला. लाल वायर तेवढा वेळ ५.०२ वर स्थिर होती. एसएमपीएस बदलला. नव्या एसएमपीएसवर जांभळी वायर ५.०६ दाखवते, तीन तास सलग काम करूनही माउस एकदासुद्धा थांबला नाही आणि सकाळी संगणक पहिल्याच दाबाला सुरू होतो. पुढच्या पोर्टांच्या वायरीचा जोड गंजलेला होता, तो साफ केला असला तरी माउस आता मागेच लावला आहे.

टेस्टर कॅबिनेटला लावताच लख्ख पेटला. सॉकेट उघडले तेव्हा तिसऱ्या पिनेमागे वायर नव्हती. वायरमनने वाचनालयाच्या मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा घेऊन नवीन वायर ओढली. आता टेस्टर पेटत नाही.

कीबोर्ड जोडल्यावर टॅब, १, क्यू आणि ए या कळा परत आल्या. झेड अजून येत नाही. पापुद्रा उजेडासमोर धरला असता त्या कळेजवळची रेषा केसाएवढी तुटलेली दिसते. इनस्क्रिप्टमध्ये झेडवरचे चिन्ह मराठीला लागत नाही, त्यामुळे सध्या काम अडलेले नाही. तुटलेली रेषा जोडण्याचा काही उपाय असेल, तर ताईंनी सांगावा. सूचीची आणि फाँटची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती माझ्या घरच्या लॅपटॉपवर ठेवली आहे आणि पन्नास नोंदी पुण्याला पाठवत आहे. काल रात्री ‘को’पासून सुरू होणारी सव्वीस शीर्षके नोंदवून झाली.

उत्तर ५: संगणक टंकलेखन संस्था, सातारा

वा दादा, फार आनंद झाला. तुटलेली रेषा जोडण्यासाठी चांदीची वीजवाहक शाई पेनाच्या रूपात मिळते. रेषेवरचा पातळ संरक्षक थर ब्लेडच्या टोकाने दोन्ही बाजूंना अगदी थोडा खरवडावा, वर शाईची एक बारीक रेघ ओढावी आणि पूर्ण वाळल्यावर त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा लावावा. रेघ शेजारच्या रेषेला लागू देऊ नये, नाहीतर एक कळ दाबल्यावर दोन अक्षरे उमटतील. पुढच्या पावसाळ्यात वाचनालय बंद असले, तरी वीज असेल त्या दिवशी तासभर संगणक चालू ठेवावा आणि बंद करताना कीबोर्डवर प्लॅस्टिक न घालता सुती कापड घालावे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.